क्राकुफची वही

2 ऑक्टोबर 2025, गुरुवार

कालपासून विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झालं. पोलंडभर हाच रिवाज, ऑक्टोबरची पहिली तारीख. यागिएलोनियन विद्यापीठ 1364 सालचं. कोपर्निकस इथे 1491 ते 1495 शिकला, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या वर्गाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. आम्ही सगळे परदेशी, पोलिश भाषा आणि संस्कृतीच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाचे. निम्म्याहून अधिक मुलं युक्रेन-बेलारूसची. बाकी दोन तुर्की मुलगे, हनोईचा एक, पणजोबा इथून गेले म्हणून परत आलेली एक ब्राझीलची मुलगी आणि मी.

प्राध्यापक वेळेवर आले नाहीत तर पंधरा मिनिटं वाट पाहायची, मग निघून जायला मोकळीक, अशी इथली जुनी पद्धत. तिला ‘क्फाद्रान्स’ म्हणतात. आमच्या बाई नऊच्या तासाला पावणेनऊलाच येऊन बसल्या होत्या. त्यांना ‘पानी दोक्तोर’ म्हणायचं. नुसतं ‘पानी’ चालत नाही, नावाने हाक मारणं तर दूरच.

स्लाव मुलांना बाईंचं सगळं कळतं. ती हसतात तेव्हा हनोईचा मुलगा आणि मी एकमेकांकडे बघतो. माझा कोल्हापुरातला रशियनचा डिप्लोमा थोडा उपयोगी पडतो, कळण्यापुरता. तासानंतर बाई आम्हा दोघांना म्हणाल्या, “घाबरू नका. त्यांना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून शेवटचा प्रत्यय बघायला ती थांबत नाहीत. तुम्हाला थांबावंच लागणार आहे.”

आज दसरा. घरी पाटीपूजन झालं असेल. इथे वेळापत्रक मिळालं.

14 ऑक्टोबर, मंगळवार

बाईंच्या टेबलावर फुलं. आज शिक्षण दिन. 1773 साली याच तारखेला पोलंडमध्ये राष्ट्रीय शिक्षण आयोग स्थापन झाला. युरोपातलं पहिलं शिक्षण मंत्रालय म्हणून इथे त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. मला आदल्या वर्षाची तारीख जास्त लक्षात राहिली. 1772 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने या देशाचे पहिले लचके तोडले होते. मुलूख हातचा जातोय आणि ही मंडळी शाळांचे अभ्यासक्रम ठरवत बसलेली!

फुलं बाजूला सारून बाईंनी फळ्यावर ‘दोन’ हा आकडा काढला आणि खाली रूपं लिहायला सुरुवात केली. दोन पुरुष असतील तर ‘द्वाय’. दोन बायका असतील तर ‘द्व्ये’. एक बाई, एक पुरुष असतील तर ‘द्वोये’. दोन मुलं असली तरी ‘द्वोये’. दोन कुत्रे किंवा दोन टेबलं असतील तर ‘द्वा’. हनोईच्या मुलाने पेन खाली ठेवलं. तुर्की मुलांनी एकमेकांकडे बघितलं, कारण त्यांच्या भाषेत लिंगच नाही. मला मात्र हसू फुटलं. दोघे, दोघी, दोघं आणि दोन. पुढे तिघे, तिघी, तिघं. त्याच्या पुढेही चौघांपर्यंत गाडी तशीच समांतर चालली. हिंदीत हे नाही, इंग्रजीत तर नाहीच. वर्गात हे घरून घेऊन आलेली मी एकटी.

पाचापासून आपली वाट सरळ होते, त्यांची बिघडते. पाच माणसं ‘आली’ असं म्हणायचंच नाही. ‘माणसं’ षष्ठीत जातात आणि क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी होतं. म्हणजे जवळजवळ ‘पाच माणसांचं आलं’. खार्किवच्या मुलीला हे सवयीचं, म्हणून तिने बघितलंच नाही आणि प्रत्ययात चुकली. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

1 नोव्हेंबर, शनिवार

सर्व संतांचा दिवस. राकोविच्की दफनभूमीकडे जाणाऱ्या ट्राम सकाळपासून ओसंडून वाहत होत्या. प्रत्येकाच्या हातात शेवंतीची कुंडी आणि झाकणाचे काचेचे दिवे. ‘झ्निच’ म्हणतात त्या दिव्यांना. वारा-पावसात विझू नयेत म्हणून झाकण. फाटकाबाहेर दिव्यांचा बाजारच भरला होता. एका आजोबांनी सोबत बादली, ब्रश आणि साबण आणला होता. त्यांनी आधी थडगं घासूनपुसून लख्ख केलं, मग दिवा लावला.

विस्वावा शिंबोर्स्का याच दफनभूमीत आहे. 1996 ची नोबेल विजेती, 2012 च्या फेब्रुवारीत गेली. तिच्या थडग्याजवळ दिव्यांची इतकी गर्दी की नवा ठेवायला जागा शोधावी लागली. पुढच्या आठवड्यात तिच्या कविता अभ्यासाला आहेत. आमच्या वर्गातले बरेच जण तिथेच भेटले.

6 नोव्हेंबर, गुरुवार

कोलेगियुम नोवुमची लाल विटांची इमारत. 1939 साली याच तारखेला, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, इथे एक ‘व्याख्यान’ ठेवलं होतं. विषय होता जर्मन राज्याची विज्ञान आणि विद्यापीठांबद्दलची भूमिका. प्राध्यापक सभागृहात बसले, एसएसचा अधिकारी आत आला आणि त्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं की तुम्ही परवानगीशिवाय विद्यापीठ सुरू करायला निघालात, म्हणून तुम्हाला अटक. इमारतीत सापडलेल्या 183 जणांना पकडून नेलं. त्यातले बहुतेक जण साक्सनहाउसनच्या छळछावणीत पोचले. जगभरातून निषेध झाल्यावर फेब्रुवारी 1940 मध्ये बऱ्याच जणांना सोडलं, तोवर काही जण छावणीतच मेले होते.

बाईंनी आम्हाला त्याच सभागृहाच्या दाराशी उभं करून हे सांगितलं, आवाज जरासुद्धा न चढवता. मग पुढचं सांगितलं. परत आलेल्यांपैकी काहींनी 1942 पासून गुपचूप विद्यापीठ चालवलं. वर्ग लोकांच्या घरात भरायचे. मुलं एकेकटी यायची आणि एकेकटी जायची. पकडले गेले असते तर काय झालं असतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे पोप झालेला कारोल वोइतिवा 1938 साली याच विद्यापीठात पोलिश भाषाशास्त्र शिकायला आला होता. एका वर्षात वर्ग बंद पडले. तोही मग चोरून चालणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखल झाला.

परतताना खार्किवची मुलगी म्हणाली, “माझा धाकटा भाऊ मेट्रो स्टेशनात शाळेला जातो. खाली, जमिनीखाली. तिथे सायरन ऐकू येत नाही.” आम्ही प्लांतीच्या बागेतून वसतिगृहापर्यंत चालत आलो. तिने भावाच्या वर्गाचा फोटो दाखवला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खाली बाकं. कुठल्याही शाळेत असतात तशीच.

27 नोव्हेंबर, गुरुवार

क्रियापदांचा महिना चालू आहे. इथे जवळजवळ प्रत्येक क्रियापद जोडीने येतं. एक चालू कामाचं, दुसरं तडीस गेलेल्या कामाचं. आपल्याकडे ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ असं सोय बघून बोलतो. इथे मात्र दर वेळी निवड करावीच लागते, टाळता येत नाही.

बाईंनी विचारलं, “गोष्ट वाचली?” वर्गातल्या चलाख मुलांनी लगेच चालू कामाचं रूप वापरलं, ‘चितावाम’. म्हणजे वाचत होते खरं, पूर्ण झाली की नाही ते विचारू नका. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “व्याकरण पक्कं झालं, आता गोष्टही पक्की करा.” यात मीही होते.

दुपारी दूध-बारमध्ये जेवण. सरकारी अनुदानावर चालणारी ही स्वस्त खानावळ साम्यवादी काळापासूनची. काउंटरवर मागणी नोंदवायची, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून नंबर ओरडला की ताट उचलायचं. बटाटा-चीजचे पिएरोगी, वर परतलेला कांदा, सोबत फळांच्या पाण्याचा पेला. खिडकीतल्या बाई नंबर इतक्या वेगाने पुकारतात की संख्यावाचकांची याहून कडक परीक्षा विद्यापीठातही होत नाही.

24 डिसेंबर, बुधवार

विगिलिया, ख्रिसमसची संध्याकाळ. यंदापासून हा दिवस सरकारी सुट्टीचा झालाय. बाईंनी घरी परतू न शकलेल्या आम्हा चार-पाच जणांना जेवायला बोलावलं. पहिला तारा दिसेपर्यंत उपास, टेबलक्लॉथखाली थोडं गवत, बारा पदार्थ आणि एक ताट रिकामं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. मांस नाही, मासे चालतात. मी शाकाहारी म्हणून बिटाचं लाल सूप, अळंबी भरलेल्या छोट्या करंज्या आणि खसखस-मधाचा गोड पदार्थ यांच्यावरच ताव मारला.

जेवणाआधी ओपवातेक मोडतात, म्हणजे कागदासारखी पातळ पांढरी पापडी. ती हातात घेऊन प्रत्येकाने प्रत्येकापाशी जायचं, एकमेकांच्या पापडीचा तुकडा तोडायचा आणि तोंडावर शुभेच्छा द्यायच्या. ‘हॅपी अमुक’ म्हणून सुटका नाही. माणसागणिक वेगळी शुभेच्छा, आणि ‘इच्छिते’ या क्रियापदानंतरची प्रत्येक गोष्ट षष्ठीत: आरोग्याचं, परीक्षेतल्या यशाचं, भावाच्या सुखरूपपणाचं. खार्किवच्या मुलीला हे शेवटचं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, यातच सगळं आलं.

8 जानेवारी 2026, गुरुवार

एक तारखेपासून पोलिश शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले. भाषा परिषदेने ते 2024 च्या मे महिन्यात जाहीर केले होते. सगळ्यात चर्चेत आलेला बदल शहरांतल्या रहिवाशांचा. क्राकुफकर, वॉर्साकर हे आजवर छोट्या अक्षराने लिहिले जात, आता मोठ्या. बाईंनी नवं कोष्टक वाटलं आणि सांगितलं, “तीस वर्षांची माझी सवय जाईल, तुमची अजून लागायची आहे. या बाबतीत तुम्ही माझ्यापुढे आहात.”

मग श्रुतलेखन. ‘उ’ या एकाच आवाजासाठी दोन अक्षरं, ‘झ’साठी दोन, ‘ख’साठी दोन. कानाला फरक शून्य, लिहिताना मात्र चुकलं की लाल रेघ. वर्गातली मुलं कुरकुरत होती. आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत जन्म काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आपले 1962 चे नियम आणि त्यावरचे वाद मी बाईंना सांगितले. काटोवित्सेमध्ये 1987 पासून देशपातळीवरची श्रुतलेखन स्पर्धा होते आणि सभागृहं भरून मोठी माणसं तिथे वही-पेन घेऊन बसतात, हे त्यांनी मला सांगितलं. महाराष्ट्रात अशी स्पर्धा ठेवली तर परीक्षकांमध्येच मारामारी होईल.

31 जानेवारी, शनिवार

परीक्षांचा मोसम. ग्रंथालयात जागा मिळत नाही. वाचायचं होतं व्याकरण, वाचत बसले मॉरित्सी फ्रिदमनबद्दल.

वॉर्सामध्ये 1901 साली ज्यू कुटुंबात जन्मलेला इंजिनिअर. नोकरीसाठी भारतात आला आणि तिथलाच झाला. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात राजाने खेड्यांच्या हाती सत्ता देण्याचा जो प्रयोग केला, त्याच्या 1939 च्या घटनेमागे गांधीजींबरोबर हाही होता. पुढे मुंबईत खेतवाडीत, विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे बसायचा. महाराज मराठीत बोलायचे, ते ध्वनिमुद्रित व्हायचं आणि फ्रिदमन ते इंग्रजीत करायचा. 1973 साली त्यातून ‘आय अॅम दॅट’ हे पुस्तक झालं, जे आज जगभर वाचलं जातं. म्हणजे विडीच्या दुकानदाराची मराठी जगापर्यंत नेली ती एका पोलिश माणसाने. त्याला मराठी शिकवायला कुठलं विद्यापीठ होतं?

त्याच्याच वर्तुळातली वांदा दिनोफ्स्का, भारतात उमादेवी. तिने 1944 मध्ये मद्रासमधून पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. भगवद्गीता पोलिशमध्ये आणली आणि पोलिश साहित्य इंग्रजीतून भारतीय वाचकांपुढे ठेवलं. मायदेश जर्मन टाचेखाली असताना मद्रासमध्ये पोलिश पुस्तक छापायचं! सहा नोव्हेंबरला दाराशी उभं राहून ऐकलेलं इथेही तसंच दिसलं.

12 फेब्रुवारी, गुरुवार

त्वुस्ती च्फार्तेक, म्हणजे उपवासाच्या चाळीस दिवसांआधीचा तेलातुपाचा गुरुवार. आज पोंच्की, म्हणजे तळलेले गोड गोळे, न खाल्ल्यास वर्षभर दैव रुसतं म्हणे. सकाळी सातला मिठाईवाल्याच्या दारात रांग वळण घेऊन पुढच्या गल्लीत शिरलेली. आत गुलाबाचा मुरंबा, अगदी आपल्या गुलकंदासारखा, वर साखरेचा पातळ लेप आणि संत्र्याच्या सालीचा कीस. आज तोंडी परीक्षा घेणाऱ्या सरांच्या टेबलावरही अर्धा खाल्लेला होता. त्यांनी विभक्ती विचारल्या, मला साखरेचे कण दिसत राहिले. चार गुण. इथे दोन म्हणजे नापास, पाच म्हणजे सर्वोत्तम.

19 मार्च, गुरुवार

आज मित्सकेविच. त्याचं ‘पान तादेउश’ हे पोलिश राष्ट्राचं महाकाव्य. 1834 साली पॅरिसमध्ये छापलं, कारण पोलंड नावाचा देशच तेव्हा नकाशावर नव्हता. तिन्ही सत्तांनी 1795 पर्यंत तो वाटून घेतला होता आणि 1918 पर्यंत, म्हणजे 123 वर्षं, तो परतला नाही. काव्य सुरू होतं लिथुएनियाला हाक मारून. कवीचा जन्म आजच्या बेलारूसमधला. त्यावरून वर्गात जुंपली. मिन्स्कचा मुलगा म्हणाला, “तो आमचा.” बाई म्हणाल्या, “घ्या, पण परीक्षेत त्याने कोणत्या भाषेत लिहिलं ते विसरू नका.”

चौकात त्याचा पुतळा आहे. तो हयातीत क्राकुफला कधी आला नाही. अस्थी 1890 मध्ये वावेलच्या कॅथीड्रलमधल्या समाधिस्थळी आणल्या, पुतळा 1898 मध्ये उभा राहिला. जर्मनांनी 1940 मध्ये तो पाडला, 1955 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. क्राकुफकर आज भेटायचं ठिकाण सांगताना त्याच्या लाडक्या नावाने ‘आदाशखाली’ म्हणतात. आम्हीही तिथेच भेटतो.

दुसऱ्या तासाला व्झेश्न्याची गोष्ट. प्रशियाच्या वाट्याला आलेल्या या गावात 1901 मध्ये धर्माचा तासही जर्मनमधून घ्यायचं ठरलं. मुलांनी जर्मन प्रार्थना म्हणायला नकार दिला. मास्तरांनी छड्या मारल्या, निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगात टाकलं. रशियाच्या वाट्याच्या वॉर्सामध्ये ‘फिरतं विद्यापीठ’ चालायचं, आज या घरात, उद्या त्या घरात. मारिया स्क्वोदोफ्स्का, म्हणजे आपली मेरी क्युरी, तिथे शिकली. बाई पहिल्या दिवसापासून प्रत्ययावर का अडतात, हे आज मला कळल्यासारखं वाटलं. या भाषेला एक काळ राज्य नव्हतं, न्यायालय नव्हतं, नाण्यावर छाप नव्हती. जे होतं ते शाळेत होतं, आणि शाळाही लपवून.

23 एप्रिल, गुरुवार

प्रबंधिकेचा विषय नक्की केला: वळीवड्याच्या पोलिश शाळा.

1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकली. जुलै 1941 च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली. जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर 1942 मध्ये हजारो जण इराणात पोचले आणि तिथून पुढे कराचीमार्गे त्यातले सुमारे 5000, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून कोल्हापूर संस्थानात वळीवड्याच्या माळावर आले. कौलारू बराकी, दवाखाना, चर्च, नाट्यगृह, स्काउटांची पथकं. आणि प्राथमिक शाळेपासून गिम्नाझिउम-लिसेउमपर्यंत शाळा. सायबेरियाच्या थंडीत आणि भुकेत मुलांची वर्षं गेली होती. माळावर अजून घडी बसली नव्हती तेव्हाही वर्ग भरले, पोलिशमधून.

ही सारी मंडळी 1948 पर्यंत राहिली. मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, थोडी पोलंडात. माळ रिकामा राहिला नाही. तिथे सिंधी निर्वासित आले आणि ते गाव गांधीनगर झालं, कपड्यांच्या घाऊक बाजाराचं. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. तिथे मी लहानपणी भेळ खायला जायचे. स्तंभावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं.

माझा मुख्य आधार लंडनला 2000 साली छापलेलं आठवणींचं आणि कागदपत्रांचं जाड पुस्तक, ‘भारतातले पोल 1942–1948’. शाळेच्या वेळा, नाटकं, परीक्षा, वह्यांची टंचाई.

रात्री आजीला फोन. ती म्हणाली, “आमचं तात्या सायकलीला किटल्या लावून कॅम्पात दूध घालायचं. हिशेबाला लई चोख बाया, उधारी ठेवायच्या न्हाईत.” मी विचारलं, “तात्यांनी आणखी काय सांगितलं होतं?” तर म्हणाली, “तवा कोण इचारतंय? तू पयली.”

9 जून, मंगळवार

तोंडी परीक्षा. चिठ्ठी उचलायची, त्यावरचा प्रश्न वाचायचा, विचार करायला थोडा वेळ, मग बोलायचं. चिठ्ठीवर आली गुप्त शिक्षणाची परंपरा. फिरत्या विद्यापीठापासून सुरुवात केली, कोलेगियुम नोवुमवरून वळीवड्यापर्यंत आले. परीक्षकांनी थांबवलं नाही. शेवटी बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, “हे सगळं पोलिश माणसांनी लिहिलेलं. त्या गावातल्या लोकांनी या शाळेबद्दल काय म्हटलंय?”

या आठवणी छावणीच्या आतल्या. त्यात त्यांनी पाहिलेलं कोल्हापूर आहे. कोल्हापूरने पाहिलेली छावणी मराठीत शोधावी लागेल आणि त्यासाठी माणसांना भेटावं लागेल, असं मी उत्तर दिलं. सरांनी मान हलवली आणि ‘मग जा’ एवढंच म्हणाले. साडेचार गुण मिळाले. अर्धा एका प्रत्ययाने खाल्ला.

संध्याकाळी प्रश्नावली केली. कॅम्पात कोण काम करायचं? शाळेची घंटा गावात ऐकू यायची का? कुणाची पोरं तिकडे खेळायला जायची? भाजीचा भाव कुठल्या भाषेत ठरायचा? छावणी उठली तेव्हा मागे काय राहिलं, ते कुणी नेलं? ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता ऐंशी-नव्वदीतली आहेत. दिवाळीपर्यंत थांबून भागणार नाही. चार जुलैचं तिकीट काढलं, आणि आजीला सांगितलं की वळीवडे-गांधीनगरकडच्या ओळखीच्या घरांची यादी करून ठेव.